कथेला हुंकार हवा : राष्ट्रीय कला उत्सव आणि शालेय विद्यार्थ्यांचे कथाकथन

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या वतीने शालेय विद्यार्थ्यांसाठी आयोजित करण्यात येणाऱ्या राष्ट्रीय कला उत्सवात २०२४-२५ या वर्षी पारंपरिक कथाकथनाचा स्वतंत्र कलाप्रकार म्हणून समावेश करण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळ येथे हा उत्सव पार पडला. गायन, वादन, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला यांच्या बरोबरीने गोष्ट सांगणे हीदेखील एक कला म्हणून राष्ट्रीय मंचावर प्रतिष्ठित झाली.

वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. गोष्ट सांगण्यासाठी रंगमंच लागत नाही, वेशभूषा लागत नाही, वर्षानुवर्षांची तालीमही लागत नाही, अशीच सर्वसाधारण समजूत असते. निजताना आजीने सांगितलेली गोष्ट ही घरातली बाब. तिची स्पर्धा कशी घ्यावी आणि तिला गुण कसे द्यावेत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तथापि, भारतातील कथापरंपरांचे स्वरूप आणि त्यांची आजची अवस्था लक्षात घेतली, की या निर्णयाचे महत्त्व स्पष्ट होते. त्याचबरोबर हा उपक्रम केवळ पारितोषिक वितरणापुरता उरला तर काय गमावले जाईल, याचीही जाणीव होते.

कला उत्सवाची वाटचाल

कला उत्सवाचा प्रारंभ २०१५ मध्ये झाला. माध्यमिक शिक्षणाचा प्रसार आणि दर्जावाढ यांसाठी राबविण्यात येणाऱ्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचा तो एक भाग होता. पुढे २०१८ मध्ये हे अभियान समग्र शिक्षा या व्यापक योजनेत विलीन करण्यात आले आणि कला उत्सवही त्या योजनेच्या कक्षेत आला. त्याच्या आयोजनाची धुरा राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, अर्थात एनसीईआरटी, सांभाळते. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला हा उत्सव शाळा, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्यांनी राष्ट्रीय स्तरावर पोहोचतो. राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांच्या चमूंसह केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांचे विद्यार्थीही त्यात सहभागी होतात.

आरंभीच्या वर्षी संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला एवढ्याच कलांचा अंतर्भाव होता. कालांतराने शास्त्रीय आणि लोकपरंपरेतील गायन-नृत्य यांचे स्वतंत्र विभाग झाले, तसेच स्थानिक खेळणी व खेळ यांनाही स्थान मिळाले. कोविड साथीच्या काळात, जानेवारी २०२१ मध्ये, हा उत्सव ऑनलाईन पद्धतीने घ्यावा लागला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वर आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली येथे विद्यार्थी पुन्हा प्रत्यक्ष एकत्र आले. कथाकथनाचा समावेश हा या विस्तारातील पुढचा टप्पा होय.

या समावेशामागे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा संदर्भ आहे. कथेच्या आधारे अध्यापन ही पद्धत शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर आणि प्रत्येक विषयात अवलंबावी, असे या धोरणात नमूद करण्यात आले आहे. कलेची सांगड घालून शिकविण्यावरही त्यात भर देण्यात आला आहे. शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून अथवा घरच्या भाषेतून व्हावे, ही धोरणातील शिफारसही येथे तितकीच महत्त्वाची ठरते. कारण गोष्ट आणि घरची भाषा यांचा संबंध अतूट असतो.

सांगणाऱ्याची कला

नाटक आणि कथाकथन यांत एक मूलभूत भेद आहे. नाटकात नट पात्राच्या वेशात शिरतो आणि प्रयोग संपेपर्यंत ते पात्रच राहतो. कथा सांगणारा मात्र क्षणभर राजा होतो, दुसऱ्या क्षणी राक्षस होतो आणि तिसऱ्या क्षणी पुन्हा स्वतःच्या आवाजात श्रोत्यांना विचारतो, की आता पुढे काय झाले असेल? तो श्रोत्यांना पाहत असतो. त्यांच्या चेहऱ्यावरील भाव पाहून तो एखादा प्रसंग लांबवतो, तर एखादा आवरता घेतो. म्हणूनच पाठांतर कितीही चोख असले तरी तेवढ्याने गोष्ट रंगत नाही.

भारतीय लोकपरंपरांनी या कलेसाठी नानाविध साधने घडविली आहेत. राजस्थानातील चितोडगडजवळच्या बस्सी गावी तयार होणारी कावड ही लाकडी, रंगविलेल्या कवाडांची छोटी पेटी असते. कावडिया भाट यजमानांच्या घरी जाऊन तिचे एकेक कवाड उघडतो, मोरपिसाने एकेका चित्राला स्पर्श करतो आणि कथा पुढे नेतो. अखेरची कवाडे उघडली, की आतील देवतेचे दर्शन होते. ज्यांना देवळापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्या दारी देऊळच चालत येते, अशी ही कल्पना आहे.

राजस्थानातच पाबूजी आणि देवनारायण या लोकदैवतांच्या गाथा फड नावाच्या लांबलचक चित्रित कापडासमोर रात्रभर गायिल्या जातात. पाबूजींच्या गाथेत भोपा रावणहत्था वाजवतो, तर भोपी दिवा हाती धरून नेमके चित्र उजळते. या फडावरील चित्रे घटनाक्रमानुसार नसून स्थळांनुसार मांडलेली असतात. त्यामुळे कोणत्या क्षणी कापडाच्या कोणत्या कोपऱ्याकडे वळायचे, हे केवळ सांगणाऱ्यालाच ठाऊक असते. चित्र समोर असूनही कथा त्याच्या स्मरणातच राहते.

पश्चिम बंगालमधील पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील नया या गावचे पटुआ कलावंत चित्रपट्टी उलगडत गाणी म्हणतात. चित्रकार हे आडनाव लावणारी ही कुटुंबे धर्माने मुस्लीम असून मनसादेवीची आणि रामायणातील आख्याने ती पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. ओडिशातील दासकाठिया या प्रकारात दोघेच कलावंत असतात : एक मुख्य गायक आणि दुसरा त्याला साथ देणारा पालिया. हातातील लाकडी पट्ट्यांच्या तालावर ते कथा सांगतात. तामिळनाडूच्या दक्षिण भागातील विल्लुपाट्टू या प्रकारात घुंगरे बांधलेले मोठे धनुष्य हेच प्रमुख वाद्य असते. छत्तीसगडच्या पंडवानीत कलावंताच्या हातातील तंबोरा कधी भीमाची गदा होतो, तर कधी अर्जुनाचे धनुष्य. या कलेसाठी तीजनबाई यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण सन्मान प्रदान करण्यात आला.

महाराष्ट्रही या नकाशावर मागे नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपणानंतर उत्तररंगात आख्यान येते. म्हणजे आधी विचार आणि मग त्याच विचाराची कथा, अशी त्याची रचना असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी ही परंपरा जोपासली आहे. कागदावरील चित्रांच्या एका कथेच्या संचाला पोथी म्हणतात. एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून वाद्यांच्या साथीने कथा सांगितली जाते. या परंपरेचे जतन करणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. आधुनिक काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम करून लिखित कथेला पुन्हा श्रोत्यांसमोर नेले. कथा ऐकण्यासाठी तिकीट काढून सभागृह भरते, हे मराठी समाजाने त्या काळी अनुभवले आहे.

ग्रंथ उरतो, कथन हरवते

एखादी कथा लिहून ठेवली, की ती सुरक्षित झाली असे मानले जाते. उर्दूतील दास्तानगोई या परंपरेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. अमीर हमजाच्या दास्तानी लखनऊच्या नवलकिशोर छापखान्याने ४६ खंडांत प्रसिद्ध केल्या होत्या. म्हणजे मजकुराला तोटा नव्हता. तरीही दिल्लीचे दास्तानगो मीर बाकर अली यांचे १९२८ मध्ये निधन झाले आणि त्यांच्याबरोबर ही कलाही लोपली, असे मानण्यात येऊ लागले. उर्दूचे थोर समीक्षक शम्सुर रहमान फारुकी यांनी या खंडांचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या प्रेरणेने २००५ मध्ये दिल्लीत दास्तानगोईचे प्रयोग नव्याने सुरू झाले. मध्ये सुमारे पाऊणशे वर्षे गेली होती. आवाज कोठे चढवावा, कोठे थांबावे, हात कसा फिरवावा हे ४६ खंडांत कोठेही लिहिलेले नव्हते. ते नव्याने घडवावे लागले.

युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा करार संमत केला. त्यात मौखिक परंपरांचा निर्देश प्रारंभीच करण्यात आला असून भारताने २००५ मध्ये या कराराला मान्यता दिली. असा वारसा पुढील पिढीच्या मुखी उतरला तरच टिकतो, हे त्यामागील तत्त्व आहे. संग्रहालयात कावड ठेवता येते, फड टांगता येतो. परंतु सांगणारा आणि ऐकणारा यांना काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

येथेच शाळेची भूमिका सुरू होते. पूर्वी कथनाची परंपरा कुटुंबातून आणि जातिसमूहातून पुढे जात असे. यजमानांचा आश्रय आटला, गावच्या जत्रांचे स्वरूप बदलले, दूरचित्रवाणी आणि त्यानंतर मोबाइल घरोघरी आले. कथाकारांच्या अनेक मुलांनी उपजीविकेसाठी अन्य मार्ग पत्करले आणि ते स्वाभाविकच होते. अशा वेळी ज्या घरात ही कला कधीच नव्हती, त्या घरातील मुलांपर्यंतही ती पोहोचविण्याचे साधन म्हणून शाळेकडे पाहता येते.

वर्गातील गोष्ट

गोष्ट आणि शाळा यांचे नाते नवीन नाही. गुजरातमधील शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या गोंगाट करणाऱ्या वर्गात पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि सपशेल अपयशी ठरतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग चिडीचूप होतो. शिस्त, वाचनाची गोडी आणि भाषेची जाण यांचा मार्ग गोष्टीतून जातो, हे गिजुभाईंनी प्रत्यक्ष प्रयोगांतून दाखवून दिले.

महाराष्ट्रात साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात शिक्षक म्हणून काम केले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाची रचनाच कथाकथनाची आहे. श्याम रोज रात्री मित्रांना आठवणी सांगतो आणि पुस्तकातील प्रत्येक प्रकरण ही एक रात्र आहे. भारतातील निरनिराळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा आणि साहित्य जाणून घ्यावे, ही आंतरभारतीची कल्पनाही साने गुरुजींचीच. देशभरातील मुले एकाच मंचावर आपापल्या प्रदेशाची गोष्ट सांगतात, तेव्हा त्या कल्पनेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

स्पर्धेच्या मर्यादा

अर्थात या उपक्रमासमोर काही अडचणीही आहेत. पहिली अडचण भाषेची. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दहा हजारांहून अधिक भाषक असलेल्या १२१ भाषा आहेत आणि त्यांपैकी २२ भाषांचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. राष्ट्रीय स्तरावर परीक्षकांना किंवा सहाध्यायांना प्रत्येक भाषा समजणे शक्य नाही. त्यामुळे अधिक लोकांना कळेल अशा भाषेकडे वळण्याचा मोह शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना होऊ शकतो. मात्र गोंडी वा कोकणी बोलणाऱ्या घरातील गोष्ट परक्या भाषेत नेली, की तिच्यातील म्हणी, नाद आणि विनोद वाटेतच गळून पडतात. पारंपरिक कथाकारांनी या अडचणीवर आपल्या परीने तोड काढलेली दिसते. पुनःपुन्हा येणारे धृपद, चित्र, हावभाव आणि वाद्य यांच्या आधारे भाषा न जाणणारा श्रोताही कथेचा धागा धरून ठेवू शकतो. कथेचा सारांश आधी थोडक्यात सांगून मूळ कथन घरच्या भाषेतच करणे, हा सुलभ मार्ग होय.

दुसरी अडचण वेळेची आहे. जी गाथा रात्रभर चालते, ती स्पर्धेच्या मोजक्या मिनिटांत बसवावी लागते. संपूर्ण कथा घाईघाईने उरकण्यापेक्षा तिच्यातील एकच प्रसंग निवडून तो शांतपणे खुलविणे श्रेयस्कर ठरते. कीर्तनकारही एका संताचे संपूर्ण चरित्र एका बैठकीत सांगत नाहीत. ते एखादाच प्रसंग घेतात.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. पारितोषिकाच्या अपेक्षेने शिक्षकांनी संहिता लिहावी, विद्यार्थ्याने ती घोकावी, ठरलेल्या शब्दावर ठरलेला हात उचलावा आणि झगझगीत पोशाखात ती सादर करावी, असे घडू लागले तर कथाकथन आणि वक्तृत्व स्पर्धेतील पाठ केलेले भाषण यांत फरक उरणार नाही. अशा विद्यार्थ्याला पारितोषिक मिळेलही. परंतु गोष्ट त्याची झालेली नसेल आणि ती कोणाकडून आली, हेही त्याला ठाऊक नसेल.

हुंकाराचे महत्त्व

राजस्थानात कथा सांगताना श्रोत्यांपैकी एकाने अधूनमधून हुंकार द्यावा, असा प्रघात आहे. सैन्याला जसा नगारा, तसा गोष्टीला हुंकार, अशा आशयाची म्हणही तेथे प्रचलित आहे. बोरुंदा या गावी राहून विजयदान देथा यांनी गावकऱ्यांकडून ऐकलेल्या लोककथा ‘बातां री फुलवाडी’ या १४ खंडांच्या ग्रंथमालेत राजस्थानी भाषेत नव्याने लिहिल्या; त्यांचाही उगम अशाच सांगण्या-ऐकण्यात आहे. मराठी घरांतही आजी गोष्ट सांगताना नातवंडांना ‘हं’ म्हणायला सांगते. हुंकार थांबला, की मूल झोपले हे तिला समजते आणि आटपाट नगराची कथा तेथेच थांबते. हुंकाराविना कथा पुढे जात नाही.

म्हणूनच कला उत्सवातील कथाकथनाचे खरे यश राष्ट्रीय मंचावरील काही मिनिटांवरून मोजणे पुरेसे होणार नाही. विद्यार्थी त्या मंचावर पोहोचण्यापूर्वी कोणासमोर बसून किती हुंकार देऊन आला, हे अधिक महत्त्वाचे आहे. शाळेने त्याला छापील गोष्ट हाती न देता घरातील आजी-आजोबांकडे, गावातील कीर्तनकाराकडे, गोंधळ्याकडे अथवा भोप्याकडे पाठविले, तर त्याला कथेबरोबरच ती सांगणारी व्यक्तीही भेटते. कथा कोठून आली, कोणत्या प्रसंगी सांगितली जाते, कोणता शब्द आज कोणी वापरत नाही, याची तो विचारपूस करतो. मग तीच गोष्ट तो वर्गमित्रांना सांगतो. कोठे ते हसले, कोठे कंटाळले, हे पाहून पुन्हा सांगतो. या प्रक्रियेला कोणताही विशेष खर्च येत नाही. राष्ट्रीय स्तरावर मोजकेच विद्यार्थी पोहोचतात. शाळेच्या स्तरावर मात्र प्रत्येक विद्यार्थी अशी एक गोष्ट घरून आणू शकतो.

महाराष्ट्राबाहेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळुरू येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही या दृष्टीने एक संधी उपलब्ध होते. शाळेत त्या त्या राज्याची भाषा आणि घरात मराठी, अशा दोन्ही भाषांतील कथा त्यांच्या कानावर पडतात. श्रावणातील कहाण्या, चिमणी-कावळ्याची गोष्ट आणि शेजारच्या घरातील लोककथा यांची देवघेव ती मुले सहज करू शकतात.

ए. के. रामानुजन यांनी कर्नाटकातील एका लोककथेचे दर्शन इंग्रजी वाचकांना घडविले होते. एका स्त्रीला एक गोष्ट आणि एक गाणे येत असे. परंतु ती ते कोणालाच सांगत नसे. आत कोंडून गुदमरलेली गोष्ट आणि गाणे एके दिवशी ती झोपली असताना निसटून बाहेर पडली. गोष्टीचे जोडे झाले, गाण्याचा कोट झाला. घरी परतलेल्या पतीने परपुरुषाचे जोडे आणि कोट पाहून संशय घेतला. भांडण झाले आणि तो रागाने देवळात जाऊन झोपला. गावातील दिव्यांच्या ज्योती रात्री तेथे जमून गप्पा मारत असत. त्यांच्या बोलण्यातून त्याला खरा प्रकार उमगला. पहाटे घरी येऊन त्याने पत्नीला त्या गोष्टीविषयी आणि गाण्याविषयी विचारले. तिने प्रतिप्रश्न केला : कोणती गोष्ट, कोणते गाणे? तोवर ती दोन्ही विसरून गेली होती.

देशातील असंख्य घरांत आज अशी एखादी गोष्ट आहे, जी बऱ्याच दिवसांत कोणी विचारलेली नाही. कला उत्सवाच्या निमित्ताने एखादी विद्यार्थिनी वही घेऊन आजीजवळ बसली आणि तिने ती गोष्ट मागितली, तर उत्सवाचा हेतू तेथेच बराचसा सफल झाला, असे म्हणता येईल.